जपानी बाईंची आई

माझे सासरे निवृत्त भूलतज्ज्ञ. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात त्यांनी आयुष्यभर लोकांना झोपवलं आणि, त्यांच्याच शब्दांत, "जवळजवळ सगळ्यांना उठवलं." सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना बेसिंगस्टोकला आमच्याकडे घेऊन आलो. आले, वरच्या खोलीत गेले आणि दार लावून बसले. जेवायला हाक मारली की खाली यायचे, "छान झालंय" म्हणायचे आणि परत वर. एकदा मी आमटीत मीठ टाकायला साफ विसरले. नवऱ्याने एक घास घेऊन पाण्याचा ग्लास रिकामा केला. बाबा म्हणाले, "छान झालंय."

सासूबाई गेल्या तेव्हा ते रडले नव्हते. क्रेमॅटोरियममध्ये आलेल्या लोकांना खुर्च्या देत होते, कोणाला चक्कर येतेय का बघत होते, पार्किंग कुठे मिळेल ते सांगत होते. माझा नवरा मात्र हमसून हमसून रडला. त्याचा जन्म बर्मिंगहॅमचा, त्यामुळे मराठीतलं पुल्लिंग-स्त्रीलिंग त्याच्या लेखी मोकाट सुटलेलं आहे. "माझा आई गेला," म्हणत होता. एरवी मी त्याला जागच्या जागी सुधारते, अगदी लोकांसमोरसुद्धा, आणि त्यावरून आमची भांडणंही होतात. त्या दिवशी काही बोलले नाही.

मला काळजी होती ती बाबांची. रडत नाहीत, चिडत नाहीत, कशाला नावं ठेवत नाहीत. ज्या माणसाने लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात माझ्या पोह्यांना "हे पेशंटला चालतील" असं सर्टिफिकेट दिलं होतं, तो माणूस आता बिनमिठाच्या आमटीला छान म्हणत होता. हे असंच चाललं तर हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत विझून जाईल, असं मला रोज वाटायचं, आणि काय करावं ते सुचत नव्हतं.

मग एका शनिवारी आम्ही सासूबाईंचे स्वेटर आणि कोट चॅरिटी शॉपमध्ये द्यायला गेलो. बाबा गाडीत बसून राहतील असं मला वाटलं होतं, पण उतरले. आम्ही पिशव्या देतोय तोवर ते दुकानात कुठेतरी गायब झाले. सापडले ते सीडींच्या कपाटापाशी, हातात एक जाडजूड खोका घेऊन. खोक्यावर किमोनो घातलेल्या एका बाईंचा फोटो होता. वय सांगता येणार नाही, चेहरा भरलेला, डोळे मिटलेले, माइक दोन्ही हातांत धरलेला. अक्षर न् अक्षर जपानी.

"हे कशाला बाबा?" मी विचारलं.

"रिकाम्या हाताने कसं जायचं?" ते म्हणाले.

घेतलं.

सोमवारी मी घरून काम करत होते, ऑफिसची मीटिंग चालू होती. अचानक वरून असा काही सूर आला की माझा मॅनेजर बोलता बोलता थांबला. "तुमच्या घरी कोणाला बरं नाहीये का?" त्याने अगदी हळुवारपणे विचारलं. माझं डोकं सणकलं. म्यूट करून तरातरा वर गेले, आवाज कमी करा म्हणून सांगायला. दार उघडं होतं! बाबा पलंगाच्या कडेला ताठ बसले होते. मला बघून त्यांनी बोट वर केलं.

"थांब. आता ऐक. आता म्हणणार."

व्हायोलिनं चढली, मागे कुठेतरी बासरी, आणि बाईंनी खोल दरीतून काढल्यासारखा आवाज काढला. "आ… आ… ई…"

"ऐकलंस?" बाबा म्हणाले. "आई म्हणाली."

आणि काय सांगू, खरंच म्हणाली होती. तीन-तीनदा म्हणाली. मीसुद्धा मीटिंग विसरून तिथेच टेकले.

त्या दिवसापासून बाबा कामाला लागले. या प्रकारच्या गाण्याला एन्का म्हणतात, हे त्यांनी खोक्यावरच्या फोटोवरून इंटरनेटवर शोधून काढलं. बाईंबद्दल इंग्रजीत एकच पान होतं, तेवढ्यावरून त्यांनी चरित्र रचायला घेतलं. जन्म उत्तरेकडच्या बर्फाळ बंदरात, वडील मासेमारीच्या बोटीवर. पंधराव्या वर्षी राजधानीत एका संगीतकाराकडे शिकायला पाठवलं, तर त्याने वर्षभर गाणं सोडून बाकी सगळं करायला लावलं. फरशी पुसायची, चहा करायचा, त्याचा कुत्रा फिरवायचा. "गुरूच्या घरी राहून शिकलेली आहे," बाबा जेवताना सांगायचे, "उगाच नाही आवाजात तो दाणा." पहिली रेकॉर्ड पडली, दुसरी पडली. बाई बिअरच्या क्रेटवर उभं राहून रेकॉर्डच्या दुकानांपुढे गायच्या, स्वतःची पोस्टरं स्वतः चिकटवायच्या, संध्याकाळी बारमध्ये दारू पिणाऱ्यांच्या टेबलाटेबलाशी जाऊन गायच्या. मग एक गाणं लागलं, आणि लागलं ते असं की पुढे वर्षअखेरच्या टीव्हीवरच्या मोठ्या कार्यक्रमात बाई दरवर्षी ठरलेल्याच. मध्ये घशाचं ऑपरेशन झालं, सगळे म्हणाले संपल्या, तर दोन वर्षांनी खालच्या पट्टीत परत उभ्या राहिल्या.

एवढं झालं इंटरनेटचं. बाकी बाबांचं. त्या 'आई'वरून त्यांनी निष्कर्ष काढला की बाई गाणं शिकायला घरून निघाल्या आणि मागे त्यांची आई वारली, शेवटची भेट झाली नाही, आणि ते दुःख त्या आयुष्यभर गातायत. मी म्हटलं, "बाबा, जपानीत आईला आईच म्हणत असतील कशावरून?" तर म्हणाले, "जगात सगळीकडे आईला असंच काहीतरी म्हणतात. शिवाय दुसरा शब्द ऐक." दुसरा शब्द होता 'अनाता'. बाई तो अशा काही ओढायच्या की शेवटचा 'ता' हवेत विरघळून 'था' व्हायचा. "अनाथा," बाबा म्हणाले. "संस्कृत शब्द आहे. बौद्ध धर्माबरोबर गेला असणार."

फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करून बघा म्हणून मी सुचवलं. तेही केलं. एका कव्हरवरच्या ओळीचं भाषांतर आलं, 'बर्फ रेल्वे स्टेशन पितो आहे.' बाबांनी फोन बाजूला ठेवला आणि म्हणाले, "याच्यापेक्षा माझे कान बरे."

पण त्यांना मनापासून आवडायचं ते वेगळंच एक गाणं. त्याची चालही तशीच संथ, पण त्यात बाई मधूनच म्हणायच्या, "हाहा… हाहा यो…" बाबा खुश. "बघ, एवढं भोगून हसतेय. विनोदी गीत आहे हे. प्रत्येक मोठ्या कलाकाराकडे एक तरी असतं." मग ते स्वतःही त्या जागी "हा हा" करायचे. सासूबाई गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघत होते, त्यामुळे मी का म्हणून अडवू? उलट मीही हसायचे. आणि एका रात्री जेवताना त्यांनी आमटीचा घोट घेतला, थांबले आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." मला इतका आनंद झाला की उठून ओट्यापाशी जाऊन डोळे पुसून आले. नवऱ्याला काही कळेना. "तू का रडतो?" त्याने विचारलं. "रडतेस," मी म्हटलं, "आणि रडत नाहीये."

आमच्या गावात एक छोटंसं मराठी मंडळ आहे. चर्चच्या हॉलमध्ये जमतं, वडे असले की गर्दी होते, व्याख्यान असलं की होत नाही. मंडळाच्या सेक्रेटरींना एक वक्ता हवाच होता. बाबांनी स्वतःहून नाव दिलं. विषय, 'एका जपानी गायिकेची कर्मकहाणी'. मी सेक्रेटरींना गाठून बजावलं, "वडे ठेवा, भरपूर ठेवा. आणि कोणी फाटे फोडणारे प्रश्न विचारायचे नाहीत." इतके महिने दाराआड बसलेला माणूस पहिल्यांदा लोकांसमोर उभा राहणार होता. कोणी हसलं, टिंगल झाली, तर ते दार परत लागणार आणि पुन्हा काही ते उघडणार नाही, याची मला खात्री होती.

सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, काळजीच करू नका. मी एक सरप्राइज ठेवलंय."

तेव्हाच मी विचारायला हवं होतं, कसलं सरप्राइज. पण वड्यांच्या गडबडीत राहिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. बाबांनी टाय लावला होता. आणि पहिल्या रांगेत, सेक्रेटरींच्या शेजारी, हातात गुलाबाचं फूल घेऊन, एक जपानी बाई बसल्या होत्या. "माझ्या शेजारीणबाई!" सेक्रेटरींनी जाहीर केलं. "आजच्या प्रमुख पाहुण्या! त्यांना मराठी येत नाही, पण संगीताला भाषा नसते!" टाळ्या. या माणसाला कोणी सांगितले होते नसते उद्योग?

बाबा मात्र खुलले. पाहुण्यांना समजावं म्हणून अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत बोलायला लागले. बर्फाळ बंदर सांगितलं, गुरूचा कुत्रा सांगितला, बिअरचा क्रेट सांगितला. एन्कामध्ये स्वर वळवायची जी खुबी आहे तिला कोबुशी म्हणतात, आपल्याकडची मुरकीच ती, असं म्हणून दोन्ही करून दाखवल्या. दोन्ही सारख्याच वाईट झाल्या, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंच्या घशाच्या ऑपरेशनपाशी आल्यावर त्यांच्यातला भूलतज्ज्ञ जागा झाला. श्वासनलिकेत कुठल्या मापाची नळी घातली असेल, स्वरयंत्राला धक्का न लावता ती कशी सरकवतात, हे त्यांनी हाताने, मानेने आणि एका स्ट्रॉने दाखवलं. मागच्या रांगेतले एक काका त्या दरम्यान गाढ झोपले. मग पहिलं गाणं लावलं. माझा नवरा लॅपटॉपवर होता. बाईंनी "आ… ई…" म्हटलं आणि हॉलभर "अगं बाई!" झालं. पुढच्या रांगेतल्या काकूंनी रुमाल काढला. बाबांनी मरण पावलेल्या आईची, न झालेल्या शेवटच्या भेटीची कथा सांगितली. ती मराठीतच सांगितली, कारण तिथे त्यांचं इंग्रजी पुरेना. तेवढंच माझं नशीब.

मध्यंतरात मी पाहुण्यांना वड्याची प्लेट नेऊन दिली. बाई अगदी सभ्य, हळू बोलणाऱ्या. "डॉक्टरांचा अभ्यास छान आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मला स्वतःला ही गाणी आवडत नाहीत. माझी आई दिवसभर लावून ठेवायची, मी कानात बोटं घालायचे. पण मला सांगा, लोक का रडत होते?"

मी म्हटलं, "गायिकेच्या आईची गोष्ट ऐकून. त्या गेल्या ना."

"कोण गेलं?" बाई म्हणाल्या. "तिची आई चांगली ठणठणीत आहे. मागच्या वर्षी टीव्हीवर आली होती. पोरीला सगळ्यांसमोर झापत होती, कपडे फार भडक घालतेस म्हणून."

"पण गाण्यात आई आई म्हणते ती?"

"ते 'आई' म्हणजे प्रेम," बाई म्हणाल्या. "सगळी प्रेमाची गाणी आहेत."

"आणि हाहा?"

"हाहा म्हणजे आई. का?"

मी हातातली प्लेट तशीच सोडून बाबांकडे धावले. ते माणसांच्या गराड्यात उभे होते, गाल लाल, टाय सैल, हातात दुसरा वडा. कोणाला तरी सांगत होते, चटणीत लसूण कमी आहे. इतके जिवंत दिसत होते की माझी जीभच रेटेना. मी एवढंच म्हटलं, "बाबा, ते शेवटचं गाणं आज राहू द्या ना. उशीर होतोय."

"अगं, असं कसं?" ते म्हणाले. "सगळ्यांना रडवून घरी पाठवायचं? शेवट हसूनच व्हायला हवा."

नवऱ्याला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, लॅपटॉप बिघडला म्हण. तो म्हणाला, "पण बिघडली नाही." या माणसाला खोटंही बोलता येत नाही आणि खरंही धड बोलता येत नाही!

मध्यंतर संपलं. बाबांनी लोकांना सूचना दिली. "आता विनोदी गीत. बाई हाहा म्हणतील तिथे आपण सगळ्यांनी मोकळेपणी हसायचं. लाजायचं नाही." गाणं सुरू झालं. संथ, उदास. बाई गायल्या, "हाहा…" आणि वडे खाऊन तरतरीत झालेल्या अख्ख्या हॉलने ठोकून दिलं, "हा हा हा हा!" झोपलेले काका जागे होऊन तेही हसले. दुसऱ्या कडव्यात आवाज आणखी वाढला. सेक्रेटरी तर मांडीवर थापा मारत होते. मी पाहुण्यांकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. रडतायत की हसतायत ते काही केल्या कळेना.

बाबांनी हात वर करून गाणं थांबवलं. "पाहुण्यांनाही आवरत नाहीये!" ते आनंदाने म्हणाले, आणि मग इंग्रजीत, "मॅडम, आम्हाला शब्द कळत नाहीत. विनोद नक्की काय आहे, तुम्हीच सांगा ना."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

त्या उभ्या राहिल्या, वाकल्या, आणि त्यांनी सांगितलं. हिवाळ्यात बंदरावर एक म्हातारी उभी आहे, शहरात गेलेल्या लेकीची वाट बघत. लेक येत नाही. ती लेक गातेय. हाहा म्हणजे आई. हाहा यो म्हणजे अगं आई.

काकूंनी अर्धा खाल्लेला वडा हळूच रुमालाखाली लपवला. कोपऱ्यात कोणीतरी फिसकन हसलं, आणि त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

"मग आई म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"प्रेम."

"आणि अनाथा?"

बाईंना शब्द कळेना. तेव्हा बाबांनी तो त्या सगळ्या लोकांसमोर, फाटक्या आवाजात, गाऊन दाखवला.

"अच्छा, अनाता," बाई म्हणाल्या. "त्याचा अर्थ 'तुम्ही'. पण अशा गाण्यात तसा नाही. जुन्या बायका नवऱ्याला नावाने हाक मारत नाहीत ना, तेव्हा हे म्हणतात. माझी आई स्वयंपाकघरातून एवढा एकच शब्द म्हणायची. त्यावरून वडिलांना कळायचं, चहा झालाय की दिवा चालू राहिलाय."

पुढच्या रांगेतल्या सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, "म्हणजे अहो!"

आणि हॉल फुटला. आता मात्र जो तो खरं हसत होता. अनाथा काय, अहो काय, संस्कृत काय! मला त्या सेक्रेटरींची मान मुरगळावीशी वाटत होती. बाबा हसत नव्हते. चष्मा काढून हातात धरून तसेच उभे होते. आता लॅपटॉप मिटवतील, "छान झालं" म्हणतील, आणि संपलं, मला अगदी तसंच दिसायला लागलं. मी खुर्चीतून उठले.

"पहिलं गाणं परत लाव," बाबा म्हणाले.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने लावलं.

तेच गाणं, तीच बासरी. हॉल हळूहळू शांत झाला. लोकांनी ते अर्ध्या तासापूर्वीच ऐकलं होतं, पण तेव्हा ऐकलेली बाई वेगळी होती. आता एक बायको घरात फिरत होती आणि नवऱ्याला शोधत होती. "आ… ई…" म्हणाली. कोणी "अगं बाई" केलं नाही. नवरा लॅपटॉपपाशी पुटपुटला, "मला अजून आईच ऐकू येतो." मी त्याला सुधारलं नाही.

मग तो शब्द आला. "अनाता…" त्या शब्दानंतर बाई थांबतात, वाद्यंही थांबतात, जणू कोणी उत्तर देईल म्हणून.

बाबांनी स्पीकरकडे वळून, घरातल्या घरात बोलावं तसं विचारलं, "काय गं?" आणि रडायला लागले.